हिवाळा कोकणात, घर चाकांवर

थंडीच्या लाटेत निफाडचा पारा 5 अंशांखाली उतरतो, तेव्हा गणपतीपुळ्यात पहाटेही पातळ चादर पुरते. म्हणूनच सांधे आखडणाऱ्या निवृत्त नाशिककर जोडप्यांसाठी कॅरॅव्हॅन ही चैन नाही, सोय आहे: चहाला शेगडी, रात्री उठावं लागलं तर चार पावलांवर संडास. अमेरिकेतले असंख्य निवृत्त लोक अशाच गाडीतून ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला हिवाळा काढतात. "खर्च फार" हा आक्षेप गाडी विकत घेण्यापुरता खरा. हिवाळ्यापुरती ती भाड्याने घेता येते. "मुक्काम कुठे करायचा?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी. आता किनाऱ्यावर पाणी, वीज आणि मैल्याची टाकी रिकामी करण्याची सोय असलेले तळ वाढायला हवेत. तोवर रिसॉर्टच्या आवारात आधी विचारून, दवाखाना जवळ असेल असेच टप्पे ठरवून निघा.