अजगर चावला तर ओढाताण नको, आणि तो अजगरच आहे हे गृहीत धरणं त्याहून नको

बीदर / कलबुर्गी : ऊसतोड सुरू झाली की फड लहान होत जातो आणि आत दडलेली जनावरं बाहेर पडतात. भालकी, हुमनाबाद, बसवकल्याणकडं असो की पलीकडं उदगीर, निलंगा, उमरग्याकडं, चित्र सारखंच असतं. मोठा साप निघाला की गर्दी जमते, मोबाइल निघतात आणि कुणीतरी म्हणतं, "अजगर हाय, काय करत नाही, धर." दुसरीकडं नोकरी-शिक्षणासाठी हैदराबाद, पुणे, बेंगळुरूला गेलेल्या पोरांच्या खोल्यांत परदेशी ‘बॉल पायथन’ काचेच्या पेटीत दिसू लागला आहे. ‘बिनविषारी आहे’ एवढ्या एका माहितीवर दोन्हीकडं हात पुढं जातो.

अजगर बिनविषारी आहे हे खरंच. पण तो चावतो, धरून ठेवतो आणि विळखाही घालतो. आपल्या भागात त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. ज्याला लोक ‘अजगराचं पिल्लू’ म्हणतात तो पुष्कळदा घोणस निघतो. म्हणून चावा कसा होतो, झाला तर काय करायचं आणि दवाखाना कधी गाठायचा, हे नीट समजून घ्यायला हवं.

चावा दोन प्रकारचा

साप उगीच चावत नाही, हे पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी 1980 साली दाखवून दिलं होतं. 72 सापांसोबत ते 72 तास एका काचेच्या खोलीत राहिले, त्यातले बहुतेक विषारी होते. साप चावतो तो एक तर भीतीनं, नाही तर भुकेनं. अजगरासारख्या मोठ्या सापाच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे.

पहिला बचावाचा चावा. साप घाबरलेला असतो, फुसकारतो, मान इंग्रजी ‘एस’सारखी मागं ओढतो. चावतो आणि लगेच सोडतो. ‘लांब हो’ एवढंच त्याला सांगायचं असतं. रक्त येतं, ओरखडे उठतात, पण प्रकरण तिथंच संपतं.

दुसरी भक्ष्यावरची झडप. इथं साप तुम्हाला घाबरलेला नसतो, त्यानं तुमच्या हाताला खाणं समजलेलं असतं. अशा वेळी तो बहुधा फुसकारत नाही, इशारा देत नाही. चावतो, धरून ठेवतो आणि अंगाचे वेढे टाकायला लागतो. नवखा माणूस इथंच घाबरून हात ओढतो आणि जखम वाढवून घेतो.

सापाची ही चूक का होते? अजगराची नजर बेताची. वास तो जिभेनं घेतो आणि त्याच्या ओठांवर बारीक खाचा असतात, त्यांतून त्याला गरम अंगाची जाणीव होते. हाताला कोंबडीचा किंवा उंदराचा वास असेल आणि हात गरम असेल, तर सापाच्या हिशेबात ते भक्ष्यच. झडप इतकी वेगाची असते, की सापांवरच्या अभ्यासांत ती सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत पूर्ण झालेली दिसते. माणसाची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. ‘मी हात मागं घेईन’ हा भरवसा त्यामुळं फोल आहे.

पेटीत साप असेल तर

कायद्यानं नोंद केलेला परदेशी साप ज्यांच्याकडं आहे, त्यांच्यासाठी जाणकारांचे नियम साधे आहेत. बहुतेक चावे हे नियम मोडल्यामुळंच होतात.

खाणं हातानं द्यायचं नाही, लांब चिमट्यानं द्यायचं. पेटी फक्त खाण्याच्या वेळीच उघडत गेलात, तर झाकण उघडलं म्हणजे खाणं आलं, असं साप शिकतो. म्हणून सापाला बाहेर काढायचं असेल तेव्हा आधी आकड्याच्या काठीनं त्याच्या अंगाला हळूच स्पर्श करतात. ‘आता खाणं नाही’ हा त्याचा अर्थ सापाला सवयीनं कळतो. सापाला हात लावण्याआधी साबणानं हात धुवावेत. नंतरही धुवावेतच, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. घरात लहान लेकरं आणि म्हातारी माणसं असतील तर हे विसरून चालत नाही.

खाल्ल्यावर निदान दोन दिवस सापाला उचलू नये. पोट भरलेल्या सापाला त्रास झाला की तो गिळलेलं ओकून टाकतो. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधी-निळसर होतात, धड दिसत नाही, तेव्हाही लांब राहावं. साप आठ फुटांच्या पुढचा असेल तर एकट्यानं पेटी उघडू नये, दुसरा मोठा माणूस खोलीतच हवा.

धरून ठेवलं तर काय करायचं

अजगराला विषाचे दात नसतात. पण बारीक, टोकदार दातांच्या रांगा असतात आणि ते सगळे घशाकडं वळलेले असतात, मासे धरायच्या गळासारखे. गळ रुतला की ओढून निघत नाही, उलट मांस फाटतं. हात ओढला तर जखम चिरत जाते आणि दात तुटून आत राहतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे हात स्थिर ठेवणं. साप स्वतःहून सोडतो का, ते क्षणभर पाहावं. न सोडल्यास त्याच्या डोक्यावर, तोंडाजवळ गार पाण्याची धार धरावी. साप पाळणारे काही जण तोंडाच्या कडेला थोडं स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावतात, त्या चवीनं साप तोंड उघडतो. डोकं मागं ओढण्याऐवजी किंचित पुढं ढकललं तर वळलेले दात सुटायला मदत होते. चाकू, विस्तव, मारहाण यातलं काही करू नये. साप जास्तच आवळतो.

विळखा पडला असेल तर तो शेपटीकडून सोडवायचा. सापाची ताकद अंगाच्या मधल्या भागात असते, शेपटीचं टोक त्यामानानं कमजोर. दुसऱ्यानं शेपूट धरून एकेक वेढा उलटा उलगडत यायचं. डोक्याकडून ओढत बसलं तर वेढे घट्ट होतात. विळखा गळ्याभोवती किंवा छातीभोवती असेल तर बाकी सगळं सोडून आधी तोच काढायचा.

अजगर हाडं मोडून मारतो, ही आपल्याकडची जुनी समजूत खरी नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2015 मध्ये बोआ जातीच्या सापावर केलेल्या अभ्यासात दिसलं, की आवळताच काही सेकंदांत भक्ष्याचं रक्ताभिसरण बंद पडायला लागतं. म्हणजे गळ्याभोवती मोठा साप असताना मदत बोलावायला पाच-दहा मिनिटं हातात आहेत, असं समजू नये.

साप सुटल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं चांगली धुवावी, स्वच्छ कापडानं दाबून रक्त थांबवावं आणि दवाखान्यात जावं. धनुर्वाताचं इंजेक्शन, आत राहिलेले दात काढणं आणि जखम चिघळू नये म्हणून औषध, हे डॉक्टरांचं काम आहे. साप अजगरच असल्याची पक्की खात्री असेल तर सापाच्या विषावरची लस लागत नाही.

गळ्यात घालून फोटो

जून 2018 मध्ये पश्चिम बंगालच्या जलपाइगुडी जिल्ह्यात एका गावात अजगर निघाला. त्याला पकडायला आलेल्या वन अधिकाऱ्यानं तो गळ्यात घेतला, लोक फोटो काढू लागले आणि सापानं गळ्याभोवती विळखा घातला. सोबतच्यांनी धावून तो सोडवला म्हणून अधिकारी वाचले. प्रशिक्षित माणसाची ही गत, तर फडावरच्या हौशी पोराचं काय होईल?

शेळी किंवा कुत्रं गिळून पडलेला अजगर हलत नाही, म्हणून तो ‘गरीब’ वाटतो. खरं तर तो अडकलेला असतो. गर्दीनं डिवचलं की भक्ष्य ओकतो आणि पोट रिकामं झाल्यावर त्याच्या अंगात झडप घालायची ताकद येते. इंडोनेशियात 2017 मध्ये अजगरानं माणूस गिळल्याची बातमी जगभर फिरली होती. ती जात वेगळी, जाळीदार अजगर, आणि ती आपल्या रानात नाही. त्यामुळं आपल्याकडच्या अजगराला भिऊन मारायचं कारण नाही आणि गळ्यात घालायचं तर नाहीच.

खरा घोळ : अजगर की घोणस?

सीमाभागात एकाच सापाला दोन भाषांत नावं आहेत आणि घाईत गोंधळ होतो. मराठीत अजगर तो कन्नडमध्ये हेब्बावु. घोणस म्हणजे कोळकुमंडल. नाग म्हणजे नागरहावु आणि धामण म्हणजे केरेहावु. 108 वर फोन करताना किंवा डॉक्टरांना सांगताना ही नावं कामाला येतात.

अजगर आणि घोणस दोघंही जाड, तपकिरी आणि ठिपक्यांचे. पण घोणसच्या अंगावरचे गोल-लांबट ठिपके साखळीसारखे ओळीत, तीन रांगांत असतात. डोकं त्रिकोणी, मान बारीक, खवले खरखरीत, आणि चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा आवाज. अजगराचे चट्टे वेडेवाकडे, नकाशासारखे. अंग तुकतुकीत आणि डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण. तिसरा डुरक्या घोणस. नावात घोणस असली तरी तो बिनविषारी आहे, अंगानं आखूड आणि शेपटीनं बोथट.

हे वाचून सापाजवळ जाऊन खात्री करायची नाही. ठिपके मोजायला वाकलेला माणूसच चावला जातो. घोणसच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, सूज चढते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. ‘अजगराचं पिल्लू होतं’ म्हणून घरी हळद लावून बसलेल्या माणसाचे मोलाचे तास असे जातात. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. त्यातले बहुतेक ग्रामीण भागातले.

म्हणून नियम एकच. रानात साप चावला आणि तो कोणता हे पक्कं माहीत नसेल, तर विषारीच समजून दवाखाना गाठायचा. चावलेला हात किंवा पाय लाकडी पट्टीनं बांधून स्थिर ठेवायचा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढायची. चिरा देऊ नये, तोंडानं ओढू नये, दोरी करकचून आवळू नये, मांत्रिकाकडं जाऊ नये. रोग्याला चालवू नये. साप मारून सोबत नेऊ नये. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही तर तोही नको. डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटांत ते गोठतं का बघतात आणि लक्षणांवरून ठरवतात. आपल्याकडं मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालते.

बीदरला ब्रिम्स आणि कलबुर्गीला जिम्स ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालयं आहेत. पण आपलं राज्य कोणतं, हे बघत बसायची ही वेळ नव्हे. औरादच्या माणसाला उदगीर जवळ असेल तर उदगीर, आळंदच्या माणसाला सोलापूरचा रस्ता सोपा असेल तर सोलापूर. कर्नाटकनं फेब्रुवारी 2024 मध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली आहे, त्यामुळं दवाखान्यात आलेला प्रत्येक दंश सरकारदरबारी कळवावा लागतो. घरी किंवा मांत्रिकाकडं गेलेला दंश मात्र कुठल्याच वहीत येत नाही. त्या भागात किती लस लागते, याचा हिशेबही मग चुकतो.

पाळायचा तर कायदा काय म्हणतो

भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडणं, घरी ठेवणं, विकणं गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. फडात सापडलेलं पिल्लू ‘दोन दिवस’ डब्यात ठेवलं तरी ते ठेवणंच झालं.

बॉल पायथनसारख्या परदेशी जातींचं वेगळं आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनुसार त्यांची नोंद ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. कागद नसलेला साप कुठून येतो, हे बेंगळुरू विमानतळावर दिसलंच. सप्टेंबर 2023 मध्ये तिथं 55 बॉल पायथन आणि 17 नागराज पकडले गेले. एप्रिल 2024 मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात 10 पिवळे अ‍ॅनाकोंडा निघाले. हातभर पिल्लू म्हणून घेतलेला असा साप पुढं दहा फुटांचा होतो. मग तो सांभाळता येत नाही आणि रानात सोडणं तर त्याहून वाईट.

फडात साप दिसला तर काम थांबवावं, दहा-पंधरा फूट मागं सरावं, एका माणसानं लांबून लक्ष ठेवावं आणि वनविभागाला कळवावं. महाराष्ट्रात त्यासाठी 1926 हा क्रमांक आहे, कर्नाटकात 112 वरून मदत मागता येते. दंश झाला असेल तर दोन्हीकडं 108. हे तीन आकडे टोळीच्या मुकादमाच्या आणि घरातल्या थोरल्याच्या मोबाइलमध्ये असलेच पाहिजेत.