नमुना खरा हवा

क्रूडच्या टाकीवर नमुना घ्यायला चढलं की आधी वारा कुठून येतोय ते बघायचं आणि त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं. झाकण उघडल्यावर निघणारी वाफ मग तोंडावर येत नाही. कॉलरला हायड्रोजन सल्फाइडचा छोटा मीटर अडकवलेला असतो. हवेत १० पीपीएम वायू आला की तो वाजायला लागतो. नाकावर विसंबायचं नाही, कारण प्रमाण शंभराच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास गेला म्हणजे वायू गेला असं माणसाला वाटतं. दोरी सुती लागते. नायलॉनच्या दोरीवर स्थिर वीज साचते. टाकी भरणं थांबल्यावरही निदान अर्धा तास जाऊ द्यावा लागतो, मगच बाटली आत सोडायची.

मी रसायनशास्त्र शिकून रिफायनरीच्या प्रयोगशाळेत लागले तेव्हा टाकीवर माझ्यासोबत एक ज्येष्ठ ऑपरेटर येत. सगळे त्यांना मामा म्हणत. बाटली बूच लावून खाली सोडायची, ठरलेल्या खोलीला पोचली की दोरीला झटका द्यायचा, बूच निघतं आणि बाटली भरते, हे त्यांनी शिकवलं. वरचा, मधला आणि खालचा असे तीन नमुने असेच घेतात. टाकीच्या सगळ्या उंचीचा मिळून एकच नमुना हवा असेल तर उघडी बाटली एकसारख्या वेगाने तळापर्यंत न्यायची आणि त्याच वेगाने वर आणायची. ती पाऊण भरून यायला हवी. काठोकाठ भरून आली की मामा ती ओतून देत. ‘‘मॅडम, ही वाटेतच भरली. हिने पुढची टाकी पाहिलीच नाही,’’ म्हणत आणि दोरी पुन्हा सोडत. तरत्या छताच्या टाकीत ही बाटली एका उभ्या नळीतून खाली जाते. त्या नळीला खाचा नसतील तर आतलं तेल बाहेरच्या तेलात मिसळतच नाही. मग टाकी एक आणि नमुना भलत्याच तेलाचा.

हे मी इतक्या तपशिलाने लिहिते, कारण रिफायनरीविषयी वाचताना आपल्यासमोर उंच मनोरे आणि ज्वाळा येतात. तिथला पहिला मोठा निर्णय मात्र काचेच्या एका बाटलीवर होतो.

बाटली प्रयोगशाळेत आली की घनता, पाणी, गाळ, क्षार, गंधक, आम्लता असं एकेक पाहतात. पाण्याची चाचणी मला सगळ्यांत आवडायची. निमुळत्या टोकाच्या दोन नळ्या घ्यायच्या, प्रत्येकीत ५० मिलिलिटर क्रूड आणि तितकंच टोल्यूईन घालायचं, ६० अंशांना गरम करायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. पाणी आणि गाळ टोकाशी जमतात. दोन्ही नळ्यांतल्या आकड्यांची बेरीज म्हणजे थेट टक्केवारी. टोकाशी दिसणारा हा थर डोळे बारीक करून वाचावा लागतो, पण त्याचा हिशोब मोठा असतो. दहा लाख पिंपांच्या पार्सलमध्ये ०.१ टक्का पाणी म्हणजे एक हजार पिंपं पाणी. पिंप साधारण १५९ लिटरचं. म्हणजे दीड लाख लिटरहून जास्त पाणी तेलाच्या भावाने घ्यायचं का, हा प्रश्न त्या निमुळत्या टोकापाशी सुटतो.

पाणी एकटं येत नाही, क्षार घेऊन येतं, आणि खरी धास्ती क्षारांची. क्रूडमधलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड भट्टीच्या उष्णतेत पाण्याशी प्रक्रिया करून हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतं. तो वाफांबरोबर तेलाचे घटक वेगळे करणाऱ्या मनोऱ्याच्या माथ्याला जातो. तिथे वाफ थंड होऊन पाण्याचा पहिला थेंब बनला की हा वायू त्यात विरघळतो आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. माथ्याकडच्या कंडेन्सरच्या नळ्या मग आतून पातळ होत जातात. बाहेरून काहीही दिसत नाही.

म्हणून मनोऱ्याच्या आधी डिसॉल्टर असतो. क्रूड १२०-१४० अंशांपर्यंत तापवायचं, त्यात पाच-सहा टक्के स्वच्छ पाणी घालून एका व्हॉल्व्हमधून दाबाने घुसळायचं आणि उच्च दाबाच्या विजेच्या जाळ्यांखाली शांत होऊ द्यायचं. विजेमुळे पाण्याचे बारीक थेंब एकमेकांत मिसळतात, मोठे होतात आणि क्षार घेऊन तळाला बसतात. घुसळण कमी पडली तर क्षार तेलातच राहतो. जास्त झाली तर तेल-पाण्याचं असं घट्ट इमल्शन बनतं की ते फुटता फुटत नाही. हा व्हॉल्व्ह किती उघडायचा याचं कोष्टक असतं, पण क्रूड बदललं की कोष्टक बदलतं. अनुभवी ऑपरेटर डिसॉल्टरच्या वेगवेगळ्या उंचीवरच्या नळांतून थोडं थोडं घेऊन पाहतो: वर तेल, खाली पाणी, आणि मध्ये दोन्हींचा तो चिवट गढूळ थर किती जाडीचा झालाय. खालून निघणारं खारं पाणी, म्हणजे ब्राइन, काचेच्या भांड्यात धरतो. ते निवळ असलं की तो निघून जातो, तपकिरी असलं की तिथेच उभा राहतो.

एका पावसाळ्यात डिसॉल्टर कोलमडताना मी पाहिला. कुठल्या कारखान्यात ते सांगायची गरज नाही. टाकी बदलून नवं तेल ओढायला सुरुवात झाली आणि तासाभरात डिसॉल्टरचा अँपिअरचा काटा चढला, व्होल्टेज पडलं, ब्राइन काळं येऊ लागलं. टाकीच्या दाखल्यावर पाणी अगदी कमी होतं. नंतर कळलं की वरचा, मधला, खालचा या तिन्ही बाटल्या एकाच खोलीवरून भरल्या होत्या. टाकीला निवळायला पुरेसा वेळ दिला नव्हता आणि तळाचं पाणी काढलं नव्हतं. पावसाळ्यात तरत्या छताच्या कडेच्या सीलमधून पाणी झिरपतं, ते वेगळंच. त्या रात्री मुसळधार पावसात एकाच माणसाकडे दोन टाक्या होत्या, निसरड्या जिन्यांसह. चौकशीत सगळा दोष त्याच्या माथी गेला. मला तो न्याय तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही. एका माणसाला दोन टाक्या देणाऱ्या कागदावर त्याची सही नव्हती.

टाकी बदलली की क्रूडही बदलतं, आणि मुंबईच्या रिफायनऱ्यांना क्रूडच्या या लहरी नव्या नाहीत. माहुलच्या दोन्ही रिफायनऱ्या, १९५४ सालची स्टॅनव्हॅकची (नंतरची एस्सो) आणि १९५५ सालची बर्मा-शेलची, आखाती तेलावर सुरू झाल्या. पुढे त्या अनुक्रमे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाल्या. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं आणि १९७८ पासून ते समुद्राखालच्या नळाने उरणला येऊ लागलं. हे तेल हलकं, गंधक जेमतेम ०.२ टक्क्यांच्या आसपास, पण मेणाने भरलेलं. उलट इराकच्या बसरा हेवीमध्ये गंधक चार टक्क्यांच्या आसपास. ही दोन तेलं एका टाकीत ओतली की काय होईल, हे आधी परीक्षानळीत पाहावं लागतं. जड तेलातले अ‍ॅस्फाल्टीन हलक्या, मेणयुक्त तेलाचं प्रमाण वाढलं की विरघळलेले राहत नाहीत, बाहेर पडतात आणि हीट एक्स्चेंजरमध्ये काळा थर चढवतात. दोन्ही तेलं वेगवेगळी उत्तम, एकत्र आली की त्रास. कोणतं कशात ओततो हा क्रमही महत्त्वाचा. मिश्रणाचा एक थेंब गाळणकागदावर टाकून तापवला आणि मधोमध गडद कडं उमटलं, तर ते मिश्रण टाकीत जाता कामा नये.

पाइपलाइनमध्ये ही काळजी वेगळ्या रूपात येते. गुजरातच्या किनाऱ्यावरून मथुरेकडे जाणाऱ्या लांब पाइपलाइनमध्ये कमी गंधकाचं आणि जास्त गंधकाचं तेल एकामागोमाग एक सोडतात. मध्ये पडदा नसतो. दोघांच्या सीमेवर मिसळलेला पट्टा तयार होतो, शेवटच्या टोकाला घनता बदलताना मीटरवर दिसतो, आणि तो पट्टा जास्त गंधकाच्या टाकीत वळवतात, कारण तिथे त्याने बिघडण्यासारखं कमी असतं. राजस्थानातल्या बाडमेरच्या मंगला क्षेत्राचं तेल थंडीत तूप थिजावं तसं साध्या तापमानालाच थिजतं. म्हणून तिथून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत जाणारी सुमारे ६७० किलोमीटरची पाइपलाइन वाटभर विजेने गरम ठेवतात.

पण ज्या दूषक द्रव्याची चाचणीच रोज होत नाही, त्याचं काय होतं हे रशियात दिसलं. एप्रिल २०१९ मध्ये तिथून युरोपकडे जाणाऱ्या द्रुझ्बा पाइपलाइनमधल्या तेलात सेंद्रिय क्लोराइड सापडलं. मर्यादा १० पीपीएमची, आणि काही नमुने दीडशेच्याही पुढे गेलेले. ही द्रव्यं विहिरींतलं मेण काढायला वापरतात, पण वापरानंतर ती तेलातून काढून टाकायला हवीत. डिसॉल्टर त्यांच्यापुढे हतबल असतो: ती पाण्यात नाही, तेलातच विरघळतात. पुढे नॅफ्थ्यावर हायड्रोजनची प्रक्रिया होते तिथे त्यांचं हायड्रोजन क्लोराइड होतं आणि धातू खायला लागतं. बेलारूसमधल्या मोझिर रिफायनरीच्या उपकरणांचं नुकसान झालं. पोलंड आणि जर्मनीने तेल घेणं थांबवलं. दूषित तेलाचा उगम समारा प्रांतात निघाला, तोवर लाखो टन तेल त्या पाइपात आणि टाक्यांत अडकलं होतं. सेंद्रिय क्लोराइडची तपासणी तेव्हा दहा दिवसांतून एकदा करण्याचा नियम होता. दहा दिवसांत नळातून किती तेल निघून जातं, हे पाइपलाइन चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आता पाइपलाइनवर आपोआप नमुना घेणारी यंत्रं आहेत, घनता आणि गंधक चालत्या प्रवाहात मोजता येतं. ती हवीतच. पण त्यांचंही काम तपासायला शेवटी कुणीतरी बाटली घेऊन उभं राहतं, आणि टाकीच्या तळाची खबर अजून दोरीनेच वर येते. म्हणून रिफायनऱ्या चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: नमुना घेणाऱ्याला पावसात आणि रात्री सोबतीला दुसरा माणूस द्या, टाकी निवळायचा वेळ वेळापत्रकातून कापू नका, आणि प्रयोगशाळेत नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना पहिला महिना यंत्रापुढे न बसवता टाकीवर पाठवा.