वर्गातल्या ताईंना ‘बाई’ व्हायचे असेल तर



बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत मदतनीस ताई असतात. रडणाऱ्याला जवळ घेणे, डबा उघडून देणे, अक्षर पुन्हा गिरवून घेणे, ही कामे त्यांचीच. ‘ताई इतकी वर्षे वर्गात आहेत, त्यांना बाई का करत नाही?’ असे पालक आम्हाला विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून नियम येथे सांगत आहोत.

अंगणवाडीत मदतनिसाला सेविका होण्याची पायरी आहे. शाळेत ती नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २३ प्रमाणे पहिली ते आठवीला शिकवणाऱ्याकडे राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने ठरवलेली पात्रता हवीच. मदतनीस म्हणून केलेली दहा वर्षेही त्यात धरली जात नाहीत. आम्हाला हे खटकते, पण नियम नियमच आहे.

पहिली ते पाचवीसाठी नेहमीचा मार्ग असा: बारावीला किमान ५० टक्के (राखीव प्रवर्गाला सवलत), दोन वर्षांचा डीएलएड आणि शिक्षक पात्रता परीक्षा. जी ताई दहावीच झाली आहे, तिला मुक्त विद्यालयातून काम सांभाळून बारावी करता येते. मात्र नुसते पास होऊन भागत नाही, टक्केवारीकडे लक्ष हवे.

काही ताई बी.ए. आहेत. त्यांना सगळे बी.एड. सुचवतात. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी स्पष्ट केले की प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. चालणार नाही. सहावीच्या पुढे शिकवायचे असेल तर ते उपयोगी. लहान मुलांतच रमणाऱ्या ताईंनी बारावीवाल्यांच्या शेजारी बसून डीएलएड करावे, त्यात कमीपणा नाही.

खरी अडचण हजेरीची आहे. डीएलएडला वर्षाला २०० दिवस काम, ८० टक्के हजेरी, शिवाय सुमारे २० आठवडे शाळेत प्रत्यक्ष सराव आणि त्यात ९० टक्के हजेरी. म्हणजे नोकरी करता करता हे होत नाही. ‘फक्त परीक्षेला या’ म्हणणाऱ्या जाहिराती दिसतात, त्यांच्यापासून दूर राहा. २०१७ साली सेवेतील अप्रशिक्षित शिक्षकांसाठी दूरशिक्षणाने डीएलएडची सोय झाली होती. ती ३१ मार्च २०१९ पर्यंतच्या मुदतीसाठी होती आणि नोंद शिक्षक म्हणून असणाऱ्यांसाठीच होती.

पात्रता परीक्षेत १५० प्रश्न असतात, ९० गुण मिळाले की उत्तीर्ण. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. विनाअनुदानित शाळेला राज्याची किंवा केंद्राची, कोणतीही परीक्षा ग्राह्य धरता येते. केंद्राच्या परीक्षेत भाषा म्हणून मराठी घेता येते, दुसरी हिंदी. इंदूरच्या आपल्या ताईंना हे सोयीचे आहे. घरी मराठी, शाळा हिंदीत, म्हणून ऱ्हस्व-दीर्घाची गडबड होते. आमचेही शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे हिंदीतला ‘कि’ मराठीत दीर्घ ‘की’ होतो हे आम्हालाही मुद्दाम लक्षात ठेवावे लागले. शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर व्याकरण घ्यायला आम्ही तयार आहोत.

विश्वस्त मंडळाला विनंती अशी की, डीएलएडला प्रवेश मिळालेल्या ताईची जागा दोन वर्षे राखून ठेवावी आणि फी बिनव्याजी उचल म्हणून द्यावी. पगार बंद होणार या एका भीतीने चांगल्या ताई अर्जच करत नाहीत. सरावाचे आठवडे आपल्याच शाळेत मिळावेत म्हणून संबंधित महाविद्यालयाला आम्ही पत्र लिहू.

इच्छुक ताईंनी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका घेऊन मधल्या सुट्टीत कार्यालयात भेटावे. प्रवेशाचे अर्ज भरायला आम्ही सोबत बसू.