आधी पाय, मग ब्रेक

सायकल चालवायला मी वयाच्या नवव्या वर्षी शिकलो. तासाच्या भाड्याने आणलेली मोठ्या माणसांची सायकल, दांडीखालून घातलेला पाय आणि मागे धावणारा थोरला भाऊ, एवढीच ती शाळा होती. एकदा आलेली ही विद्या पुन्हा शिकावी लागेल, असे पुढील पंचावन्न वर्षांत कधी मनात आले नाही. तथापि गेल्या आषाढात, वयाच्या ६४ व्या वर्षी, तो योग आला. या वेळी गुरुस्थानी होती आमची सूनबाई.

सूनबाई लांब पल्ल्याची सायकल चालवते. पहाटे ती अंगणातून निघाली की तिच्या बुटांचा ‘खट्, खट्’ असा दोनदा आवाज होतो. सेवानिवृत्तीनंतर मीही सायकल पुन्हा हाती घेतली होती आणि एकदा तरी सांगलीहून बाहुबलीच्या दर्शनाला सायकलने जावे, ही इच्छा मनात होती. परंतु पावसात ओल्या पेडलवरून पाय निसटून नडगी चांगलीच सोलली गेली. तेव्हा ती म्हणाली, “अण्णा, तुम्ही क्लिपलेस पेडल लावून घ्या. पाय जागचा हलणार नाही.” मग जरा थांबून पुढे म्हणाली, “पण एक सांगते. अडकवायला पाच मिनिटांत येतं. सोडवायला शिकायचं, त्याला महिने लागतात.”

‘क्लिपलेस’ हे नाव ऐकून माझा गोंधळ झाला. ज्यात बूट घट्ट अडकतो, त्याला ‘क्लिप नसलेले’ कसे म्हणावे? त्याचे उत्तर या पेडलच्या इतिहासात आहे. पूर्वी शर्यतीतले सायकलपटू पेडलवर पिंजऱ्यासारखी क्लिप लावून तिचा पट्टा पायाभोवती आवळत. थांबण्यापूर्वी हात खाली नेऊन तो पट्टा सैल करावा लागे. लूक ही फ्रान्समधील कंपनी बर्फावरील स्कीला बूट जखडणारे खटके बनवत असे. पडताना पाय आपोआप सुटावा, हे त्या खटक्यांचे तत्त्व. तेच तत्त्व तिने १९८४ मध्ये सायकलच्या पेडलला लावले आणि १९८५ मध्ये बर्नार्ड इनो या फ्रेंच सायकलपटूने अशा पेडलवर आपली पाचवी टूर द फ्रान्स जिंकली. जुनी क्लिप गेली, म्हणून नाव पडले क्लिपलेस. पुढे १९९० मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने एसपीडी नावाची पेडल आणली. तिच्यात बुटाखालची धातूची पट्टी, म्हणजे क्लीट, तळव्याच्या खाचेत बसते. त्यामुळे तेच बूट घालून चालताही येते. माझ्यासारख्या नवशिक्याला हाच प्रकार सोयीचा.

बुटांविषयी एक सूचना आपल्या वाचकांसाठी मुद्दाम करतो. असे बूट बहुधा कृत्रिम कापडाचे असतात. तरीही काहींत चामडे वापरलेले असते. म्हणून विचारून, लेबल वाचून मगच घ्यावेत.

घरात या बेताला पहिला विरोध सौभाग्यवतींचा झाला. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचे मनगट मोडले होते. त्या प्लास्टरच्या दिवसांत वेणी घालण्यापासून पूजेची थाळी धरण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी त्यांना दुसऱ्याचा हात लागे. त्या म्हणाल्या, “अहो, या वयात हाड मोडणं म्हणजे काय, ते मी बघितलंय. पाय सोडवणं अंगवळणी पडेपर्यंत हमरस्त्यावर जायचं नाही. कबूल?” मी कबूल केले.

या पेडलवरून माणूस का पडतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. सायकल वेगात असताना हँडलच्या सूक्ष्म हालचालींनी तोल सांभाळला जातो. वेग शून्यावर आला की तो आधार संपतो आणि जमिनीवर पाय टेकावाच लागतो. पन्नास वर्षांच्या सवयीने आपण पाय वर उचलतो. परंतु हा खटका वर ओढून सुटत नाही. तो सुटतो टाच बाहेरच्या बाजूला वळवल्यावर. ही गोष्ट आठवेपर्यंत सायकल कलती झालेली असते. म्हणजे बहुतेकजण वेगात पडत नाहीत. थांबता थांबता, उभ्याउभ्या पडतात.

चातुर्मास लागला होता आणि पाऊस होता. असा सराव गवतावर करावा, असे सर्वत्र सांगितले जाते. पण पावसाळ्यातले गवत म्हणजे असंख्य जीवांचे घर. ते तुडवणे मनाला पटले नाही. म्हणून आम्ही घरच्या पडवीतच शाळा भरवली. खिडकीचे गज एका हाताने धरून मी सायकलवर बसे. प्रथम फक्त डावा पाय पन्नास वेळा अडकवायचा आणि सोडवायचा, मग फक्त उजवा, मग दोन्ही. सूनबाईने पेडलच्या स्प्रिंगचा ताण लहान ॲलन कीने अगदी कमी करून दिला होता. मी एका जुन्या वहीत तारीखवार नोंद ठेवत असे. बँकेतील सवय ती, सहजी सुटत नाही.

पाऊस उघडल्यावर कॉलनीतील कोरड्या मातीच्या मैदानावर दुसरा टप्पा सुरू झाला. माझ्या पेडलची एक बाजू सपाट आणि दुसरी खटक्याची आहे. त्यामुळे सुरुवातीला उजवा पाय अडकवून डावा सपाट बाजूवर मोकळाच ठेवता आला. काही दिवसांनी दोन्ही पाय अडकवले. मी ठरलेल्या खुणेपाशी थांबायचे आणि सूनबाईने पाहायचे, असे चालले होते. माझी चूक एकच होई. मी आधी ब्रेक दाबे आणि मग पाय सोडवू लागे.

ती म्हणाली, “अण्णा, क्रम उलटा होतोय. आधी पाय, मग ब्रेक.”

हे वाक्य मला तत्काळ कळले. बँकेत रोखपालाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात की, रक्कम घेताना आधी पैसे मोजून घ्यावेत, मग नोंद करावी. रक्कम देताना आधी नोंद करावी, मग पैसे द्यावेत. कृती त्याच, परंतु क्रम चुकला की संध्याकाळी तिजोरी जुळत नाही. त्या दिवसापासून थांबण्याच्या पंधरा-वीस मीटर आधीच डावा पाय मोकळा करायचा, असा मी नेम केला.

भाद्रपदापर्यंत माझ्या वहीत ‘पतन’ या रकान्याखाली एकही नोंद नव्हती. त्याचा थोडा अभिमानही झाला असावा. दशलक्षण पर्व तीन-चार दिवसांवर आले असताना कॉलनीच्या गल्लीत मी सावकाश चाललो होतो. समोरच्या फाटकातून एका वडीलधाऱ्या शेजाऱ्यांनी साद घातली, “जय जिनेंद्र, साहेब!” मी थांबलो, हँडल सोडले आणि दोन्ही हात जोडले. पाय दोन्ही अडकलेलेच होते. एखादे कपाट आडवे व्हावे तसा मी डाव्या बाजूला, सायकलसह, ओल्या मातीत आडवा झालो.

हेल्मेट होते, हातमोजे होते. कोपर सोलले आणि मांडीवर काळा डाग उमटला. हाड मात्र शाबूत राहिले. शेजाऱ्यांनी उठवले. मी घरी आलो, सदरा बदलला आणि कोणाला काही बोललो नाही. वहीतही नोंद केली नाही. ज्या माणसाने छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या, त्याने स्वतःची एक ओळ गाळली.

पर्वाचा तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. मनात, वाणीत आणि कृतीत एकच असणे म्हणजे आर्जव, असे प्रवचनात विवरण चालले होते आणि माझे कोपर बाहीखाली ठणकत होते. रात्री घरी आल्यावर मी सौभाग्यवतींना सर्व सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, “मला ठाऊक आहे. सदरा मीच धुतला ना! तुम्ही कधी सांगता, तेवढंच बघत होते.” मग त्यांनी कोपराला हळद लावली आणि हमरस्त्याची मुदत दिवाळीपर्यंत वाढवली. मी वहीत ती राहिलेली नोंद घातली आणि कारणाच्या रकान्यात ‘प्रमाद’ असे लिहिले.

वाढीव मुदतीत जे शिकलो, ते या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडक्यात देतो.

पहिली गोष्ट म्हणजे जमिनीवर टेकायचा पाय कायम एकच असावा. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून डावा पाय टेकणे हिताचे. तोल गेलाच तर आपण वाहनांच्या बाजूला पडत नाही. मात्र रस्ता कडेला उतरता असतो आणि तिथे जमीन पायाला थोडी खोल लागते, हे ध्यानात ठेवावे. पेडल सर्वांत खाली असताना टाच बाहेर वळवली की खटका सहज सुटतो. थांबताना शरीराचा भार मोकळ्या पायाकडे द्यावा आणि हँडल किंचित उजवीकडे वळवावे, म्हणजे सायकल डावीकडेच कलते. चढावर वेग पूर्ण मरण्याची वाट पाहू नये. दोन-तीन फेरे आधीच पाय सोडवावा. थांबण्यापूर्वी गिअर हलका करून ठेवावा, म्हणजे पुन्हा निघताना धडपड होत नाही.

दुसरी गोष्ट देखभालीची. क्लीटमध्ये चिखल किंवा खडा अडकला तर पाय सुटायला अडचण होते. झिजलेली क्लीट कधी सुटते, कधी सुटत नाही. सर्वांत घातक म्हणजे बुटाखालचे स्क्रू ढिले होणे. दोहोंपैकी एक जरी गळून पडला तरी बूट वळतो, क्लीट तिथेच राहते आणि पाय सुटत नाही. म्हणून हे स्क्रू महिन्यातून एकदा आवळून पाहावेत. शिमानोच्या एसपीडीत एस एच ५६ नावाची क्लीट मिळते. टाच बाहेर वळवण्याखेरीज इतर काही दिशांनीही ती सुटते. नवशिक्याने तीच घ्यावी.

तिसरी गोष्ट स्पष्टच सांगतो. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत किंवा ज्यांना चक्कर येते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून या वाटेला जाऊ नये. साध्या पेडलवर आयुष्यभर सायकल चालवण्यात काहीही कमीपणा नाही.

महावीर निर्वाणोत्सव झाला, दिवाळी सरली आणि घरातून परवानगी मिळाली. मार्गशीर्षातील एका सकाळी, चांगले उजाडल्यावर, सूनबाई आणि मी निघालो. ईर्यासमितीत साधूंना चार हात भूमी पाहून चालण्यास सांगितले आहे. सायकलस्वाराला चार हात पुरत नाहीत, चाळीस हात पाहावे लागतात. पण भाव तोच. अंकलीचा पूल ओलांडला, उदगाव मागे पडले, जयसिंगपूर आले. कारखाने सुरू झाले होते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्याने चालले होते.

जयसिंगपूर सोडल्यावर असाच एक ट्रॅक्टर समोरून संथपणे येत होता. रस्ता मोकळा होता आणि थांबण्याचे काही कारण नव्हते. तरी ट्रॉलीच्या मागे काय आहे, ते दिसत नव्हते. एवढ्या एका शंकेवर माझी डावी टाच बाहेर वळली, खट् आवाज झाला आणि पाय मोकळा झाला. दुसऱ्या क्षणी ट्रॉलीमागून सात-आठ वर्षांचा एक मुलगा, हातात उपसलेला ऊस घेऊन, आडवा धावला. मी दोन्ही ब्रेक दाबले. पाय जमिनीवर टेकलेला होता आणि मी उभा होतो. मुलगा माझ्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर थबकला, माझ्याकडे पाहिले आणि शेतात पळाला.

सूनबाई मागून आली. तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, “अण्णा, तुम्हाला तो दिसला होता?”

“नाही,” मी म्हणालो, “दिसला नव्हता, म्हणूनच पाय काढला.”

या सहा महिन्यांचा अर्थ मला त्या ठिकाणी कळला. गरज पडल्यावर पाय सोडवणारा पडतो. शंका येताच सोडवणारा उभा राहतो. शंका खोटी ठरली तर नुकसान एका टाचेच्या वळण्याचे. ती खरी ठरली तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

बाहुबलीला पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. बूट काढून, हातपाय धुऊन आम्ही वर गेलो. २८ फूट उंचीच्या त्या निश्चल मूर्तीसमोर थोडा वेळ बसलो. वेलींनी वेढलेले ते पाय मी आजवर अनेकदा पाहिले होते. त्या दिवशी दृष्टी तिथेच अधिक वेळ थांबली.

खाली आल्यावर घरून फोन आला.

“पोचलात?”

“पोचलो.”

“पडलात का?”

“नाही. पण वाटेत एक मुलगा आडवा आला होता.” आणि मी सर्व हकिकत सांगितली.

क्षणभर पलीकडून काही आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, “बरं. सावकाश या. सदरा नुसता घामाचा असू दे.”