हजर करा: हेबिअस कॉर्पसची दोन शतके

१८२८ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने पुण्यातले मातब्बर पांडुरंग रामचंद्र यांच्यावर हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे ताब्यात ठेवलेल्या माणसाला हजर करण्याचा, हुकूम बजावला: तुमच्या घरी ठेवलेला मोरो रघुनाथ हा अल्पवयीन मुलगा कोर्टापुढे आणा. गव्हर्नर जॉन माल्कम आडवे आले. कोर्टाचा असला हुकूम पुण्यात चालू देणार नाही, असे त्यांनी न्यायाधीशांना कळवले. दोन न्यायाधीश त्याच वर्षी वारले आणि सर जॉन पीटर ग्रँट एकटे उरले. हुकूम मानला जात नाही म्हणून १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी कोर्टच बंद केले! प्रिव्ही कौन्सिलने मात्र माल्कमची बाजू उचलून धरली. मुंबई शहराबाहेर हुकूम न चालण्याची ही वेस पुसायला १९२३ उजाडले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४९१ मधल्या दुरुस्तीने हायकोर्टाचा हा अधिकार त्याच्या साऱ्या अपील-क्षेत्रात पोचला.

अधिकार मिळाला तरी सरकार पळवाट काढतच राहिले. १९४३ मध्ये मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने स्थानबद्धतेचा नियमच अवैध ठरवला, तर काही दिवसांत वटहुकूम काढून तो पुन्हा उभा केला गेला.

आणीबाणीत तर दारच बंद झाले. ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखालच्या स्थानबद्धांच्या याचिका ऐकता येतात, असे नऊ हायकोर्टांनी म्हटले होते; त्यांत आपले नागपूर खंडपीठही होते. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले, पोलिसाने वैरापोटी कोणाचा जीव घेतला तर? आमच्या युक्तिवादानुसार कोर्टात दाद नाही, असेच उत्तर आले. तरीही २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायाधीशांनी सरकारची बाजू मान्य केली. खन्ना एकटे विरोधात गेले आणि पुढे सरन्यायाधीशपदाला मुकले. ४४व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तजवीज केली. तो निकाल मात्र रीतसर रद्द व्हायला २०१७ साल उजाडले. रद्द करणाऱ्यांत धनंजय चंद्रचूड होते. १९७६ च्या चौघांत त्यांचे वडील यशवंतराव होते.

कार्यपद्धती मात्र हळूहळू माणसाच्या बाजूने सैल होत गेली, आणि मला हीच खरी कमाई वाटते. कैद्याची सही लागत नाही. बायको, भाऊ, मित्र कोणीही याचिका करू शकतो. हायकोर्टात एकदा फेटाळली म्हणून सुप्रीम कोर्टाची वाट बंद होत नाही. कैद कायदेशीर आहे, हे दाखवण्याचा भार सरकारवर असतो. कनू सन्याल प्रकरणात १९७३ साली ठरले, की कैद्याला समोर आणल्याशिवायही कैदेची वैधता तपासता येते. सुनील बत्राने तिहार तुरुंगातून दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेले पत्रच याचिका मानले गेले. बिहारचा रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही १९८२ पर्यंत तुरुंगात होता. याचिका ऐकली जाईपर्यंत तो बाहेर आला होता, पण कोर्ट तेवढ्यावर थांबले नाही. तीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली. चौदा वर्षांची ही किंमत तुटपुंजीच, तरी पायंडा पडला.

उरला प्रश्न वेळेचा. प्रतिबंधक स्थानबद्धता बहुधा जास्तीत जास्त बारा महिन्यांची असते. तारखांवर तारखा पडल्या तर याचिका जिंकूनही हाती काही येत नाही. हायकोर्टांनी अशा याचिका फलकावर सगळ्यांत वर घ्याव्यात, आणि जबाब देण्यासाठी सरकारला एकदाच मुदत द्यावी.