ऐंशी अक्षरांची कार्डं

वीस-तीस वर्षांपूर्वी कुणीतरी घेतलेल्या निरीक्षणांची फाइल हाती येणं, हे खगोलशास्त्रात नेहमीचंच. दुर्बीण कुठली, आत चित्र आहे की आकड्यांचा तक्ता, काही माहीत नसतं. ज्याला विचारावं तो कधीच निवृत्त झालेला. तरीही फाइल ‘फिट्स’ स्वरूपातली असेल तर फारसं अडत नाही. ती आपली ओळख स्वतःच सांगते, तीही ठरलेल्या क्रमाने.

हे स्वरूप अडचणीतून जन्मलं. १९७०च्या दशकात प्रत्येक वेधशाळेचा संगणक निराळा आणि एकीची चुंबकीय फीत दुसरीला वाचता येईलच असं नाही. १९७९मध्ये किट पीक वेधशाळेचे डॉन वेल्स आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेचे एरिक ग्रायझन यांनी तोडगा काढला. त्यांचे सहकारी हार्टन यांच्यासह तिघांचा लेख १९८१मध्ये छापून आला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने मान्यता दिली. फाइल २८८० बाइटच्या ब्लॉकमध्ये लिहायची, असं ठरलं. आकडा विचित्र वाटतो, पण २८८० बाइट म्हणजे २३,०४० बिट, आणि त्याला १६, ३६, ६० या सगळ्यांनी निःशेष भाग जातो. म्हणजे एका वेळी १६, ३६ किंवा ६० बिट हाताळणाऱ्या तेव्हाच्या जवळपास कुठल्याही यंत्राला तो ब्लॉक पुरता गिळता येई.

अशी फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली तर सुरुवातीचा मजकूर चक्क वाचता येतो, फक्त ओळी तुटत नाहीत. दर ऐंशी अक्षरांना एक ‘कार्ड’. जुन्या छिद्रांच्या कार्डाचाच हा वारसा. पहिल्या आठ अक्षरांत नाव, नवव्या जागी बरोबरचं चिन्ह, मग किंमत. पहिलं कार्ड ‘सिंपल’, त्याची किंमत ‘टी’. दुसरं ‘बिटपिक्स’: एक आकडा किती बिटांचा. उणे ३२ असेल तर तो दशांशाचा समजायचा. मग ‘नॅक्सिस’, म्हणजे मिती किती, आणि प्रत्येक मितीची लांबी. शेवटी ‘एंड’. एवढ्यावर हिशेब जमतो: २०४८ गुणिले २०४८ चित्र, १६ बिटांचं, म्हणजे ८३,८८,६०८ बाइट. ते २९१३ ब्लॉकमध्ये बसतं आणि शेवटचे ८३२ बाइट नुसती शून्यं असतात. चित्र कशाचं आहे हे न कळताच ते पडद्यावर येतं.

खरी फसगत त्यानंतर होते. १६ बिटांचा आकडा इथे ऋणही असू शकतो. कॅमेऱ्याचे आकडे मात्र ० ते ६५,५३५, म्हणून लिहिताना त्यांतून ३२,७६८ वजा करतात आणि तसं एका कार्डावर नोंदवतात. ते कार्ड नजरेआड झालं की काळंभोर आकाश उणे बत्तीस हजारांच्या आसपास निघतं. एककाचं कार्ड तर सक्तीचंच नाही. ते नसेल तर आकडे नीट वाचूनही ते कशाचे हे कळायला मार्ग नाही. माझ्या मते या स्वरूपातला हा सर्वांत मोठा ढिलेपणा.

तरीही गाडी शेवटी फिट्सवरच येते. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण मुळात आपल्याच ‘एलटीए’ स्वरूपात नोंदी करत आली; विश्लेषणाआधी त्यांचं फिट्स करून घ्यायचं, ही तिथली रुळलेली वाट.

एकदा वैध ठरलेली फिट्स फाइल पुढे कधीही अवैध ठरवायची नाही, हा फिट्सचे नियम सांभाळणाऱ्या मंडळींचा हट्ट. शतक बदलण्याआधी तारखेची पद्धत बदलून वर्ष चार आकडी केलं, पण जुनी तिरक्या रेघांची तारीखही चालूच ठेवली. कार्डावर १२/०३/८५ दिसलं, तर आजच्या प्रोग्रॅमनेही ते १२ मार्च १९८५ असंच वाचायचं.