बुडापेस्ट : ट्रामच्या तिकिटावर

मध्य युरोपच्या सहलींच्या जाहिरातींत प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ही तीन नावे आता एका दमात येतात. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या गटांना त्यातले बुडापेस्ट बहुधा एक-दोन मुक्कामांपुरतेच मिळते, आणि तिथला कार्यक्रमही ठरलेला असतो. सकाळी कोचमधून हीरोज स्क्वेअर, मग टेकडीवरचा किल्ला, फिशरमन्स बॅस्टियनच्या कमानीतून फोटो, संसद भवन बाहेरून आणि संध्याकाळी डॅन्यूबवर बोटीची फेरी. ही सगळी ठिकाणे पाहण्यासारखीच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण या बेतात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते : शहर म्हणजे दहा-बारा स्थळे, आणि दोन स्थळांमधला प्रवास म्हणजे डुलकी काढण्याचा वेळ. बुडापेस्टला हा हिशेब लागू पडत नाही. हे शहरच मुळी नदी ओलांडण्याच्या सोयीतून जन्मले आणि रस्ते, पूल, रूळ यांच्या आखणीतून वाढले. त्यामुळे इथे ट्राम, बस आणि भुयारी रेल्वेच्या साध्या तिकिटावर फिरणे ही शहर समजून घेण्याची सर्वांत चांगली रीत आहे. त्यात पैसे वाचतात हा वरचा फायदा.

नकाशा पाहिला की मूळ अडचण लगेच ध्यानात येते. डॅन्यूब उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पश्चिमेला टेकड्यांवर वसलेले बुडा, पूर्वेला सपाट मैदानावरचे पेस्ट. एका तीरावर किल्ला आणि सत्ता, दुसऱ्या तीरावर बाजारपेठ आणि माणसांची वर्दळ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या दोघांना जोडणारा कायमचा पूल नव्हता. नावा एकमेकींना बांधून तरता पूल करत आणि हिवाळा आला की तो काढून ठेवत. नदीतून बर्फ वाहू लागले की दोन्ही तीरांचा संबंध तुटे. १८२० च्या डिसेंबरात काउंट इश्तवान सेचेनी यांना वडील वारल्याचे कळले, तेव्हा याच बर्फामुळे त्यांना नदीकाठी आठवडाभर अडकून पडावे लागले. पुढे त्यांनी पुलाचा ध्यास घेतला. विल्यम टियर्नी क्लार्क या इंग्रज अभियंत्याने आराखडा केला, ॲडम क्लार्क या स्कॉटिश अभियंत्याने जागेवर उभे राहून काम करून घेतले, आणि नोव्हेंबर १८४९ मध्ये साखळी पूल खुला झाला. त्याचा मधला गाळा २०२ मीटरचा आहे. त्या काळी एवढे मोठे गाळे जगात मोजकेच होते. पण खरी क्रांती पथकरात होती. हंगेरीतल्या सरदार-उमरावांना करमाफी असे. १८३६ च्या कायद्याने मात्र हा पूल ओलांडणाऱ्या प्रत्येकाला, उमराव असो की शेतकरी, पैसे मोजणे भाग पडले. देशातली करमाफी कागदावरून पुसली जाण्याच्या कितीतरी आधी तिला या पुलाच्या कायद्याने पहिला तडा दिला. १८७३ मध्ये बुडा, ओबुडा आणि पेस्ट मिळून एक शहर झाले, तेव्हा पुलाला चोवीस वर्षे होत आली होती. म्हणजे आधी पूल झाला आणि मग शहर. हा क्रम लक्षात ठेवला की बाकीचे बरेच काही उलगडत जाते.

एकीकरणानंतर पेस्टची आखणी अर्ध्या चाकासारखी झाली : आस नदीकडे, तिच्याभोवती वलये आणि त्यांना छेदत बाहेर जाणारे आरे. यातल्या मोठ्या वलयाच्या, म्हणजे ग्रँड बुलेव्हार्डच्या जागी पूर्वी डॅन्यूबचा बुजत आलेला फाटा होता. तिथे जहाजांसाठी कालवा काढावा अशीही एक योजना मांडली गेली होती. कालवा झाला नाही, रस्ता झाला. आऱ्यांपैकी सर्वांत देखणा अँद्राशी मार्ग १८७६ मध्ये खुला झाला. ही रचना आजही फिरणाऱ्याच्या कामी येते. नदीला काटकोनात निघणाऱ्या रस्त्यांवर घरांचे क्रमांक नदीच्या बाजूने सुरू होतात, त्यामुळे आकडे वाढत असतील तर आपण नदीपासून दूर चाललो आहोत हे भाषा न कळताही समजते. पत्त्यातल्या चार आकडी पिनकोडाचे मधले दोन आकडे म्हणजे शहराचा विभाग : १०५१ असेल तर पाचवा, १०६१ असेल तर सहावा. एकूण विभाग तेवीस. हॉटेल शहराच्या कोणत्या भागात आहे, हे एवढ्यावरून आरक्षण करतानाच ताडता येते.

अँद्राशी मार्गाखालून धावणारी पिवळी भुयारी रेल्वे या रीतीचा सर्वांत बोलका पुरावा आहे. एवढ्या तोलामोलाच्या रस्त्यावर ट्रामचे रूळ आणि तारा नकोत, असा नगरधुरिणांचा हट्ट होता. दुसरीकडे, मग्यार टोळ्या या भूमीत आल्याला हजार वर्षे झाल्याचा उत्सव १८९६ मध्ये सिटी पार्कमध्ये भरायचा होता आणि तिथपर्यंत लोकांना न्यायचे होते. तोडगा म्हणून रस्ता उकरून, खाली गाडीची वाट बांधून वरून पुन्हा झाकला गेला. दोन वर्षांच्या आत काम पुरे झाले आणि २ मे १८९६ ला युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. लंडनची पहिली भुयारी गाडी १८६३ ची, पण ती वाफेवर चालणारी. ही पहिल्या दिवसापासून विजेवर. आजही पदपथावरून पंचवीस-तीस पायऱ्या उतरल्या की आपण थेट फलाटावर असतो. बुटके छत, पांढऱ्या फरशा, लोखंडी खांब आणि जेमतेम तीन डब्यांच्या लांबीची ठेंगणी गाडी. दोन दिशांचे फलाट समोरासमोर आणि बहुतेक ठिकाणी त्यांचे जिने वेगवेगळे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. कुठे जायचे ते जिना उतरण्याआधीच ठरवावे लागते. एका स्थानकातून वर आले की समोर १८८४ चे ऑपेरा हाउस, पुढे हीरोज स्क्वेअर आणि त्याच्या पुढच्या स्थानकाला लागून १९१३ चे सेचेनी स्नानगृह, जिथे बर्फ पडत असतानाही लोक उघड्यावरच्या गरम पाण्यात बसलेले दिसतात. अँद्राशी मार्ग आणि ही रेल्वे दोन्ही २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. कोचमधून जाणारा पाहुणा वारशाचा अर्धा भाग काचेतून पाहतो, आणि उरलेला अर्धा त्याच्या पायाखालून निघून जातो.

जमिनीवरच्या ट्रामचीही तीच गोष्ट. ग्रँड बुलेव्हार्डवर विजेची ट्राम १८८७ मध्येच प्रायोगिक तत्त्वावर धावली होती. आज तिथे ४ आणि ६ क्रमांकाच्या, पन्नास मीटरहून लांब ट्राम मिनिटामिनिटांच्या अंतराने येतात, आणि ६ क्रमांकाची तर रात्रभर चालते. या ट्राम मार्गिट पुलावरून बुडाला जातात. हा १८७६ चा पूल मध्येच वाकलेला आहे. मार्गिट बेटामुळे नदीचे दोन प्रवाह होतात आणि दोन्हींना काटकोनात छेदायचे तर पुलाला वळण देणे भाग होते. त्या वळणावरच ट्रामचा थांबा आहे. तिथे उतरून दक्षिणेकडे पाहिले की उजवीकडे किल्ल्याची टेकडी, डावीकडे संसद भवन आणि मधून नदी असे सगळे शहर एका नजरेत मावते. पेस्टच्या काठाने जाणारी २ क्रमांकाची ट्राम यासाई मारी चौकातून सुटते. तीत उजव्या बाजूची खिडकी धरून बसावे. इम्रे श्टाइंडल यांच्या संसद भवनाला मागून वळसा घालून ती नदीकाठाला लागते. त्या भवनाचा घुमट ९६ मीटर उंच, मग्यारांच्या आगमनाचे वर्ष मानल्या गेलेल्या ८९६ ची आठवण म्हणून. सेंट स्टीफन बॅसिलिकाची उंचीही नेमकी तेवढीच. तिथून साखळी पूल, एलिझाबेथ पूल आणि हिरवा स्वातंत्र्य पूल क्रमाने मागे टाकत ट्राम १८९७ च्या मोठ्या मंडईपाशी येते. या एका फेरीत नदीकाठचा दीडशे वर्षांचा बांधकाम-इतिहास ओळीने समोर येतो.

हे तीन पूल वरवर एकाच जुन्या काळातले वाटतात, पण पैकी एकही पूर्णपणे जुना नाही. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी शहरातले पूल उडवले. मार्गिट पूल त्याआधीच, नोव्हेंबर १९४४ मध्ये, त्याला लावलेल्या सुरुंगांचा अवेळी स्फोट होऊन वाहतुकीसकट कोसळला होता. शंभर वर्षांत जुळत आलेले शहर पुन्हा दोन तीरांवर आले. स्वातंत्र्य पूल १९४६ मध्ये उभा राहिला. साखळी पूल २० नोव्हेंबर १९४९ ला, म्हणजे मूळ उद्घाटनाच्या बरोबर शताब्दीला, पुन्हा खुला झाला. एलिझाबेथ पूल मात्र जुन्या रूपात परतलाच नाही. १९६४ चा तो पांढरा सडपातळ केबलचा पूल आपल्याच काळाची भाषा बोलतो. ट्रामच्या खिडकीतून हे तिन्ही लागोपाठ दिसले की युद्धानंतर काय जपायचे आणि काय नव्याने बांधायचे, याचे वेगवेगळे निर्णय डोळ्यांसमोर येतात. एकाच पुलावर उतरून, फोटो काढून परतणाऱ्याला ही तुलना करायला मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे : दीड दिवसात, सोबत वयस्कर मंडळी असताना, ट्राम बदलत कोण हिंडणार? आक्षेप खोटा नाही. सामानासह, किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसांना घेऊन, फिरताना दाराशी उभी असणारी बस सोयीचीच. पिवळ्या रेल्वेला जिने आहेत आणि तिथे लिफ्टची अपेक्षा ठेवू नये. पण शहराच्या गाभ्यात कोचला ट्रामइतकी मोकळीक नाही. २०२३ मध्ये डागडुजी संपवून साखळी पूल पुन्हा सुरू झाला तो खासगी मोटारींना बंदी घालूनच. आता त्यावरून शहर-बस, टॅक्सी, दुचाकी आणि पायी चालणारे जातात. पेस्टचा मध्यभाग आटोपशीर आहे आणि नव्या ट्रामचा तळ बुटका, फलाटाच्या पातळीत येणारा. गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी ४ आणि ६ या दोन मार्गांवर बसून राहणे हे कोचच्या पायऱ्या चढण्या-उतरण्यापेक्षा सोपेच ठरावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ट्राम दाखवते, पण सांगणार कोण? याचे ठळक उदाहरण नदीकाठीच आहे. संसद भवनाच्या दक्षिणेला, धक्क्याच्या अगदी कडेवर, लोखंडी बुटांचे साठ जोड मांडलेले आहेत : कामगारांचे झिजलेले, बायकांचे टाचांचे, लहान मुलांचे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्ट पक्षाच्या टोळ्यांनी ज्यूंना इथे आणले, बूट काढायला लावले आणि गोळ्या घालून नदीत पाडले. चान तोगाई आणि ग्युला पाउएर यांनी घडवलेले हे स्मारक २००५ चे. ट्राम त्याच्या जवळून जाते, पण रूळ आणि धक्का यांच्यामध्ये वाहनांचा रस्ता आहे; खिडकीतून बूट दिसत नाहीत, आणि दिसले असते तरी अर्थ कळला नसता. इथे उतरायलाच हवे, आणि उतरण्याआधी थोडे वाचलेले हवे. ही मर्यादा मान्य आहे. चांगला मार्गदर्शक जे सांगेल ते रूळ सांगत नाहीत. पण मार्गदर्शकाबरोबर पायी फिरणे आणि साध्या तिकिटावर हिंडणे यांत विरोध कुठे आहे? विरोध आहे तो बंद काचेआडून भराभर यादी संपवण्याशी. संध्याकाळच्या बोटीचेही तेच. उजळलेले काठ पाण्यावरून जितके सुंदर दिसतात तितके दुसरीकडून दिसत नाहीत, मात्र बोट शहराचा दर्शनी भागच दाखवते. त्यामागची वस्ती, बाजार, अंगणांची जुनी घरे यांत शिरायला जमिनीवरचीच वाट लागते.

तिसरा आक्षेप माझ्याच मांडणीवर उलटणारा आहे. वाहतुकीलाच प्रेक्षणीय ठरवले की तिचे खेळणे होत नाही का? होते, आणि बुडाची दोरीवर चालणारी रेल्वे हा त्याचा पुरावा. सेचेनींचे चिरंजीव ओदोन यांच्या पुढाकाराने १८७० मध्ये ती सुरू झाली, ती टेकडीवरच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या नोकरदारांसाठी. युद्धात ती उद्ध्वस्त झाली आणि १९८६ मध्ये पुन्हा सुरू झाली ती मुख्यतः पाहुण्यांसाठी. आज तिचे तिकीट वेगळे आणि महाग, रांग लांबलचक, आणि शहराचा साधा पास तिथे चालत नाही. कारकुनांची खरी वारसदार आता १६ क्रमांकाची बस आहे : देआक चौकातून निघून साखळी पुलावरून ती टेकडीवर चढते आणि साध्या तिकिटावर थेट किल्ल्याच्या वस्तीत नेऊन सोडते. म्हणून माझा आग्रह जुन्या गाड्यांच्या हौसेचा नाही. ज्या वाहनात शहरातले लोक अजूनही कामाला जातात तेच निवडावे, एवढाच आहे. पिवळी रेल्वे सव्वाशे वर्षांची असूनही शाळकरी मुले आणि भाजीच्या पिशव्या वाहते आहे, म्हणून ती शहराचा भाग आहे.

तेव्हा बेत आखताना स्थळांच्या यादीऐवजी मार्गांपासून सुरुवात करावी. चोवीस किंवा बहात्तर तासांचा पास घ्यावा. तो ज्या घटकेला सुरू होतो तिथून मोजला जातो, त्यामुळे दुपारी घेतला तरी दुसऱ्या दुपारपर्यंत पुरतो. सुटे कागदी तिकीट घेतले तर ते यंत्रात घालून शिक्का उठवल्याशिवाय ग्राह्य नसते, आणि तपासनीस मेट्रोच्या दारातच उभे असतात. न वापरलेले तिकीट खिशात असले तरी दंड होतो. चलन युरो नव्हे, फोरिंट. पहिल्या दिवशी २ क्रमांकाने काठ, पायी बुटांचे स्मारक, १६ क्रमांकाने किल्ला. दुसऱ्या दिवशी पिवळ्या रेल्वेने अँद्राशी मार्ग आणि स्नानगृह, संध्याकाळी ४ किंवा ६ ने मार्गिट पुलावरचा थांबा. कोचच्या कार्यक्रमातले जवळजवळ काहीच यात गळत नाही. अधिकचे मिळते ते इतकेच की किल्ला टेकडीवर का, बाजार सपाटीवर का, आणि या दोघांना एकत्र नांदवायला या शहराला एवढा खटाटोप का करावा लागला, याची उत्तरे वाटेतच हाती लागतात.